जुने कागद मुलांसमोर ठेवताना: विद्यापीठ ग्रंथालयातील शालेय भेटीची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

गोव्यातील शाळा विद्यापीठाच्या ग्रंथालयात मुलांना ऐतिहासिक संग्रह दाखवायला आणतात, तेव्हा बहुतेक वेळा तोच प्रकार घडतो. साठ-सत्तर मुले एका तासासाठी येतात, काचेच्या कपाटापुढून रांगेने जातात, पुढे उभे असलेले कोणीतरी माहिती सांगत असते आणि ती मागच्या मुलांपर्यंत पोहोचत नाही. घरी गेल्यावर त्यांना इमारत आठवते, बसमधली गाणी आठवतात, कागद मात्र आठवत नाही. दोष मुलांचा नसतो आणि संग्रहाचाही नसतो. क्रम चुकलेला असतो. आपण आधी सांगतो आणि नंतर दाखवतो. मुलाने आधी पाहिले पाहिजे, पाहिलेल्याबद्दल स्वतः काहीतरी बोलले पाहिजे, आणि त्यानंतरच आपण तोंड उघडले पाहिजे. पुढील सर्व टप्पे या एका गोष्टीसाठी आहेत.

हा क्रम आठवी-नववीच्या मुलांसाठी आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना मूळ कागदांऐवजी चांगल्या रंगीत प्रती द्याव्यात. मूळ कागद एकच असावा आणि तो ग्रंथपालांच्या हातात राहावा.

टप्पा १: तारीख, गट आणि परवानगी

सर्वप्रथम ऋतू पाहावा. जून ते सप्टेंबर या काळात गोव्याची हवा दमट असते, आणि दमट हवेत जुना कागद पाणी शोषून मऊ पडतो, कडा उचलतात, बुरशी धरते. भिजलेल्या छत्र्या आणि ओले दप्तर घेऊन आलेली चाळीस मुले बंद खोलीत बसली की अर्ध्या तासात तिथली आर्द्रता आणखी वाढते. त्यामुळे भेट नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत ठेवावी, आणि त्यातही नाताळची सुटी व परीक्षांचे आठवडे वगळावेत. चतुर्थीच्या आधीचा मोकळा आठवडा शाळांना सोयीचा वाटतो, पण तेव्हा पाऊस संपलेला नसतो. त्या मोहात पडू नये.

गट चोवीस मुलांचा असावा, त्याहून मोठा नको. सहा-सहा मुलांची चार टेबले आणि प्रत्येक टेबलापाशी एक मोठा माणूस, हे प्रमाण मोडले की कागदांवर लक्ष राहत नाही. वर्गात अठ्ठेचाळीस मुले असतील तर दोन दिवस ठरवावेत. ‘अर्धी मुले बाहेर बागेत थांबतील’ हा तोडगा कागदावर बरा दिसतो, पण बाहेर थांबलेल्या मुलांना आपण दुय्यम आहोत असे वाटते आणि आत असलेल्यांचे चित्त बाहेर लागते.

ग्रंथपालांना पाठवायच्या पत्रात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: इयत्ता व संख्या, माध्यम, मुलांना देवनागरीशिवाय कोणती लिपी वाचता येते, आणि इतिहासात सध्या कोणता भाग शिकवला जात आहे. ‘मुलांना जुनी पुस्तके बघायची आहेत’ एवढेच लिहिले तर ग्रंथपाल साहजिकच जे सर्वांत देखणे असेल ते बाहेर काढतील, आणि देखणे ते उपयोगाचे असतेच असे नाही. पत्र किमान सहा आठवडे आधी जावे, कारण निवडलेली वस्तू दुरुस्तीला गेलेली असू शकते किंवा एखाद्या संशोधकाने राखून ठेवलेली असू शकते.

प्रवासाचा वेळही आताच मोजून घ्यावा. काणकोणहून ताळगावच्या पठारावर, विद्यापीठापर्यंत, पोहोचायला दोन तास सहज जातात. बालरथ (शाळेची बस) शाळेला नेहमीच्या फेऱ्यांसाठी लागत असेल तर वेगळी गाडी पाहावी लागते, आणि हा प्रश्न शेवटच्या दिवसापर्यंत ठेवला की भेट अकराऐवजी साडेबाराला सुरू होते व पहिला बळी टेबलावरच्या कामाचा जातो.

*तपासून पाहा:* ग्रंथालयाच्या वाचनकक्षात चोवीस मुलांना बसता येते का, की दुसरी खोली मिळणार आहे? हात धुण्याचे बेसिन त्या खोलीपासून किती दूर आहे? दोन्ही उत्तरे प्रत्यक्ष जाऊन पाहावीत. फोनवर मिळालेल्या उत्तरात बेसिन नेहमी जवळच असते.

टप्पा २: वस्तूंची निवड

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. शिक्षकाने भेटीच्या महिनाभर आधी ग्रंथपालांसोबत किमान दोन तास बसून सहा वस्तू निवडाव्यात: चार टेबलांसाठी चार आणि दोन राखीव. पंधरा वस्तू ठेवण्याचा आग्रह धरू नये. मुलाला एका कागदापाशी बारा मिनिटे मिळाली तर ते काहीतरी शोधते. दोन मिनिटे मिळाली तर ते फक्त पुढच्या टेबलाकडे पाहते.

निवडीची कसोटी एकच आहे: ज्याला पोर्तुगीज येत नाही अशा मुलालाही या कागदातून स्वतःच्या डोळ्यांनी काही काढता येईल का? या कसोटीला बहुतेक हस्तलिखिते उतरत नाहीत, आणि जाहिरातींचे पान, नकाशा, किमतींची यादी, शाळेचा निकाल, पोस्टाचे तिकीट लावलेले पाकीट या वस्तू सहज उतरतात. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहासकार डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांचा ग्रंथसंग्रह आहे. अशा संग्रहात गेल्यावर शिक्षकांचे हात आपोआप जाडजूड, चामडी बांधणीच्या ग्रंथांकडे जातात. मुलांच्या दृष्टीने मात्र त्याच कपाटातली चार पानांची पुस्तिका किंवा वर्तमानपत्राचा एक अंक जास्त बोलका असतो. मुले सत्तरी तालुक्यातली असतील तर पिसुर्ले हे त्यांच्याच तालुक्यातले गाव आहे आणि संग्रह करणारा माणूस त्या गावचा होता, एवढे सांगणे पुरे. त्याने टेबलापाशी बसण्याची त्यांची तऱ्हाच बदलते.

चार टेबलांसाठी पुढील रचना चांगली चालते.

पहिल्या टेबलावर नकाशा असावा, शक्यतो असा की ज्यात मुलांचा स्वतःचा तालुका आहे. जुन्या काबिजादीतील (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातील) तिसवाडी, बार्देश, सासष्टी हे तालुके दाखवणारे नकाशे सहज मिळतात; पण मुले पेडणे किंवा सांग्यातून येत असतील तर नव्या काबिजादीचा (नंतर जिंकलेल्या भागाचा) नकाशा मुद्दाम मागून घ्यावा.

दुसऱ्या टेबलावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एखाद्या वर्तमानपत्राचे जाहिरातींचे पान असावे.

तिसऱ्या टेबलावर देवनागरीतले काहीतरी हवेच. १९१२ साली सुरू झालेल्या ‘भारत’सारख्या गोव्यातील मराठी पत्राचा अंक मिळाला तर उत्तम, नाहीतर त्या काळात छापलेली एखादी मराठी पुस्तिका. हे टेबल वगळण्याची चूक अनेकदा होते. परिणामी मुलांचा समज असा होतो की गोव्याचा सगळा जुना कागद पोर्तुगीजच होता आणि त्यांच्या आजी-पणजीच्या भाषेत कोणी काही छापलेच नव्हते.

चौथ्या टेबलावर हाताने लिहिलेला एकच कागद ठेवावा, मोडीतला किंवा पोर्तुगीजमधला. तो वाचण्यासाठी नाही. शाई, कागद आणि हात पाहण्यासाठी आहे. मोडीत अक्षरांच्या डोक्यावरची रेघ आधी सलग ओढून मग अक्षरे तिच्याखाली लटकवलेली असतात, हे मुलांना कोणी न सांगता दिसते. जुन्या शाईचेही तसेच आहे. मायफळाचा अर्क आणि लोहाचे क्षार यांपासून केलेली शाई आम्लधर्मी असते. ती वर्षानुवर्षे कागद खात जाते, आणि पानाच्या मागच्या बाजूला अक्षरे तपकिरी होऊन उमटलेली दिसतात, काही ठिकाणी तर अक्षराच्या आकाराचे भोक पडलेले असते.

*सावधान:* ज्या वस्तूला बुरशीचा वास येतो किंवा जिच्यावर पांढरट-हिरवट भुकटी दिसते ती मुलांसमोर आणू नये. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला तिच्यापासून खरोखर अपाय होतो. कसरीने चाळणी केलेले पानही मुलांच्या हातात देऊ नये, ते उलटताना तुटते. पण कसर काय करते हे दाखवायला ग्रंथपालांनी स्वतःच्या हातात धरून जरूर दाखवावे.

निवड झाली की प्रत्येक वस्तूचा दाखलक्रमांक, उघडायचे पान आणि आधाराला काय लागेल हे एका कागदावर लिहून त्याची प्रत ग्रंथपालांकडे ठेवावी. पान दाखवण्यासाठी आम्लमुक्त कागदाची पट्टी घालावी. चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या मूळ पानावर लावू नयेत. चिठ्ठी निघते, तिचा गोंद मागे राहतो आणि काही वर्षांनी तिथे पिवळा डाग दिसतो.

टप्पा ३: शाळेतला पूर्वपाठ

भेटीच्या आधीच्या आठवड्यात वर्गात दोन तासिका घ्याव्यात. पूर्वपाठ म्हणजे संग्रहाची ओळख किंवा गोव्याचा इतिहास नव्हे. पहिल्या तासिकेत फक्त अक्षरांचा सराव घ्यावा आणि दुसऱ्या तासिकेत हाताळणीचा.

अक्षरांचा सराव असा. पोर्तुगीजांनी इथली नावे आपल्या कानाने ऐकली आणि आपल्या अक्षरांनी लिहिली. ‘के’ हे अक्षर ते जवळजवळ वापरत नसत. ‘क’ लिहायला अ-ओ-उ यांच्या आधी ‘सी’ आणि ए-इ यांच्या आधी ‘क्यू-यू’ वापरत. ‘एक्स’ दिसला तर बहुधा ‘श’ वाचावा. ‘सी’च्या खाली शेपटी असेल तर तो ‘स’. ‘एन-एच’ म्हणजे न्य आणि ‘एल-एच’ म्हणजे ल्य. शब्दाच्या शेवटचा ‘एम’ म वाचायचा नाही. तो आधीच्या स्वराला नाकात नेतो. एवढे पाच-सहा नियम फळ्यावर लिहून मुलांना गावांची नावे द्यावीत. ‘एस-ए-एन-क्यू-यू-ई-एल-आय-एम’ हे अक्षर-अक्षर वाचत जाऊन साखळीपर्यंत पोहोचताना डिचोली तालुक्यातल्या एका वर्गात काय झाले ते सांगतो. तिसऱ्या बाकावरचा मुलगा बोटाने हवेत अक्षरे काढत होता, ‘सां... सांके... सांकेलीं’ असे पुटपुटत होता, आणि मग एकदम उभा राहून म्हणाला, ‘सर, हे आमचेच गाव!’ त्यानंतर त्या वर्गाला काही समजावून सांगावे लागले नाही. पेडण्याच्या नावात ‘ड’च्या जागी ‘आर’ का आला, फोंड्याच्या सुरुवातीला ‘पी’ कसा, डिचोलीच्या सुरुवातीला चक्क ‘बी’ कसा, हे प्रश्न मुले आपणहून विचारतात. सगळ्यांची उत्तरे असलीच पाहिजेत असे नाही. वहीच्या शेवटच्या पानावर ‘विचारायचे प्रश्न’ म्हणून ते लिहून घ्यावेत.

गावांनंतर आडनावे. कामतांचे ‘कामोतीं’, प्रभूंचे ‘पोरोबो’, शेणव्यांचे ‘सिनाय’ ही रूपे गोव्यातल्या अनेक घरांत आजही कागदोपत्री आहेत, त्यामुळे दोन-तीन मुले तरी वर्गात मान वर करतात. मात्र इथे थांबावे. आडनावावरून जात किंवा धर्म यांची चर्चा वर्गात सुरू होऊ देऊ नये. त्याविषयी सातव्या टप्प्यात लिहिले आहे.

दुसऱ्या तासिकेत हाताळणीचा सराव रद्दीतल्या जुन्या पुस्तकावर घ्यावा. पान वरच्या बाहेरच्या कोपऱ्यापाशी धरून, तळवा खाली सरकवत उलटायचे; बोटाला थुंकी लावायची नाही; ओळीवरून बोट फिरवायचे नाही, तर ओळीखाली कागदाची पट्टी ठेवायची; पुस्तक पूर्ण उताणे पाडायचे नाही. हे सांगून होत नाही, प्रत्येक मुलाकडून एकदा करून घ्यावे लागते. चोवीस मुलांना पंचवीस मिनिटे पुरतात.

*तपासून पाहा:* प्रत्येक मुलाकडे टोक केलेली दोन शिसपेन्सिली आहेत का? पेन, जेलपेन आणि व्हाइटनर शाळेतच ठेवून यावे. शार्पनरही आणू नये, कारण शिशाची भुकटी कागदावर पडली की पुसता पुसता पसरते.

टप्पा ४: खोलीची मांडणी

मुले येण्याच्या तासभर आधी मांडणी पूर्ण झालेली असावी. टेबले खिडकीच्या थेट उन्हात नसावीत. खोलीत वातानुकूलन असेल तर ते मुले येण्याच्या वेळी अचानक चालू न करता सकाळपासून चालू असावे. तापमान व आर्द्रता एकदम बदलली की कागद आणि बांधणी वेगवेगळ्या वेगाने आकसतात. पंखा थेट टेबलावर नसावा, सुटी पाने उडतात.

प्रत्येक बांधलेल्या ग्रंथाखाली दोन्ही बाजूंना आधार हवा. फोमचे आधार नसतील तर स्वच्छ सुती कापडात घट्ट गुंडाळलेले टॉवेल चालतात. ग्रंथ एकशेवीस अंशांपेक्षा जास्त उघडू नये, जुनी ताठ बांधणी असेल तर नव्वद अंशांवरच थांबावे. नकाशा टेबलापेक्षा मोठा असू नये. कडेवरून लोंबणारा नकाशा मुलांच्या कोपराने फाटतो.

हातमोज्यांविषयी एक समज दूर केला पाहिजे. दूरदर्शनवर पांढरे सुती हातमोजे घालून ग्रंथ हाताळताना दाखवतात, म्हणून शिक्षक चोवीस जोड विकत आणतात. कागदासाठी त्यांची गरज नसते. हातमोजा घातला की बोटाला पानाची जाडी कळत नाही, धाग्यात पानाची फाटकी कड अडकते, आणि पान फाटते. साबणाने धुतलेले व पूर्ण कोरडे केलेले हात सर्वांत चांगले. फक्त छायाचित्रे आणि काचेच्या निगेटिव्ह यांच्यासाठी हातमोजे वापरावेत, कारण बोटांचा घाम त्यांच्या पृष्ठभागावर कायमचा ठसा ठेवतो.

टप्पा ५: दारापासून टेबलापर्यंत

लांबून आलेली मुले भुकेली असतात. त्यांना आधी बाहेर खायला द्यावे. भाजी-पाव खाऊन झाल्यावर बोटांना तेल राहतेच, त्यामुळे क्रम ठरलेला असावा: खाणे, पाणी पिणे, स्वच्छतागृह, साबणाने हात धुणे, कोरड्या रुमालाने पुसणे, आणि मगच आत. सॅनिटायझर किंवा क्रीम लावलेले हात चालणार नाहीत. दप्तरे, डबे, पाण्याच्या बाटल्या बाहेर एका जागी ठेवाव्यात व तिथे एक मोठे माणूस बसवावे, नाहीतर अर्धी मुले दप्तराच्या काळजीत राहतात.

एकदा एका ठिकाणी पाण्याची एक बाटली खोलीत राहून गेली. झाकण नीट लागले नव्हते. बाटली बाकावरून पडली, पाणी टेबलाच्या पायापर्यंत आले, आणि कागदाला काही झाले नाही. पण ज्या मुलीची बाटली होती ती पुढचा तासभर कोणत्याही टेबलापाशी गेली नाही. तो नियम कागदासाठी आहे तितकाच त्या मुलीसाठीही आहे, आणि तो मुले आत येण्याआधी पाळला गेला तरच कोणालाही ओशाळवाणे व्हावे लागत नाही.

आत आल्यावर स्वागताचे भाषण पाच मिनिटांचे असावे. त्यात तीन वाक्ये पुरतात: हे कागद कोणाचे आहेत, इथे ते का ठेवले आहेत, आणि आज तुम्ही काय शोधणार आहात. संस्थेची स्थापना, ग्रंथसंख्या, मान्यवरांच्या भेटी हे सर्व वगळावे.

टप्पा ६: टेबलावरचे काम

प्रत्येक टेबलाला बारा मिनिटे, आणि टेबल बदलायला तीन. पहिली तीन मिनिटे पूर्ण शांततेत पाहायचे व प्रत्येकाने तीन गोष्टी लिहायच्या. वाक्य ‘मला दिसते’ या शब्दांनी सुरू व्हावे. ‘मला वाटते’ नंतर. शिक्षकांना ही तीन मिनिटे सर्वांत अवघड जातात, कारण मुले गप्प असली की आपण काहीतरी सांगायला हवे असे वाटते. बोलू नये. तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी मूल असे काही पाहते की जे आपण वर्षानुवर्षे पाहिलेले नसते.

जाहिरातींच्या पानाचे टेबल थोडे तपशिलाने सांगतो, कारण तिथे सर्वांत जास्त मिळते आणि सर्वांत जास्त वायाही जाते. पानावरचा दिनांक जाड कागदाची सुटी पट्टी ठेवून झाकावा (चिकटपट्टी लावू नये) आणि मुलांना विचारावे: हा अंक कोणत्या काळातला? तीन खुणा पाहायला सांगाव्यात.

पहिली खूण म्हणजे शहराचे नाव. ‘नोव्हा गोवा’ असे छापलेले असेल तर ते तेव्हा पणजीचे अधिकृत नाव होते, आणि ते १८४३ साली मिळाले. म्हणजे अंक त्याच्या आधीचा नाही. दुसरी खूण म्हणजे वर्णलेखन. औषधांच्या दुकानाची जाहिरात शोधावी. ती हमखास असते. ‘फार्मासिया’ हा शब्द ‘पी-एच’ने लिहिला आहे की ‘एफ’ने? १९११ साली पोर्तुगालने आपले वर्णलेखन सुधारले आणि ‘पी-एच’ जाऊन ‘एफ’ आला. छापखान्याचे नाव सांगणारा ‘तिपोग्राफिया’ हा शब्दही तसाच बदलला: ‘वाय’च्या जागी ‘आय’, ‘पी-एच’च्या जागी ‘एफ’. तिसरी खूण किमतीची. रुपया-तांगा-रैस (पोर्तुगीज गोव्याचे जुने चलन) दिसले तर अंक १९५९ च्या आधीचा. १८८२ नंतरच्या हिशेबात बारा रैसांचा एक तांगा आणि सोळा तांग्यांचा एक रुपया होई. इश्कुद (त्यानंतरचे चलन) दिसले तर १९५९ नंतरचा, आणि १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज सत्ता संपली, तेव्हा अवघ्या तीन वर्षांतला.

तिन्ही खुणा एकत्र केल्या की मुले एका विशिष्ट काळापर्यंत स्वतःच पोहोचतात. मग पट्टी उचलावी.

*सावधान:* वर्णलेखनाची खूण एका बाजूनेच पक्की आहे. दुकानदार जुनी पाटी आणि जुने ठसे बरीच वर्षे वापरत, त्यामुळे १९११ नंतरच्या अंकातही ‘पी-एच’ सापडू शकतो. मुलांनी १९०५ म्हटले आणि पट्टीखाली १९१४ निघाले, तर त्यांचे चुकले असे म्हणू नये. ‘नवे वर्णलेखन आले तरी दुकानदाराने पाटी का बदलली नसेल?’ असे विचारावे. एका मुलाने याचे दिलेले उत्तर असे होते: ‘आमच्या दुकानावर अजून जुनाच फोन नंबर आहे.’

नकाशाच्या टेबलावर प्रत्येक मुलाने स्वतःचे गाव शोधावे आणि मग नकाशात जे नाही त्याची यादी करावी. मांडवीवर पूल नाही, खाणींचे रस्ते नाहीत, काही ठिकाणी नुसता होडीचा धक्का आहे. देवनागरीच्या टेबलावर एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्यावा. शब्द ओळखीचे आणि ऱ्हस्व-दीर्घ वेगळे पाहून मुले थबकतात, आणि ‘हे चुकीचे लिहिले आहे’ असे म्हणतात. नियम बदलतात, एवढेच त्यांना सांगावे. हस्तलिखिताच्या टेबलावर भिंग ठेवावे. टेबलावरचा माणूस ग्रंथालयाचाच असावा, आणि पान त्यानेच उलटावे.

छायाचित्रे एका ठरलेल्या माणसाने, फ्लॅश न वापरता काढावीत. प्रत्येक मुलाच्या हातात मोबाइल आला की डोळे कागदावरून पडद्यावर जातात.

*तपासून पाहा:* तिसऱ्या फेरीनंतर मुले दमतात. तेव्हा पाच मिनिटांची विश्रांती द्यावी, तेवढ्यात टेबलावरच्या माणसांनी वस्तू मोजून घ्याव्यात आणि पाने आपापल्या जागी आहेत की नाहीत ते पाहावे.

टप्पा ७: अवघड प्रश्न

गोव्याच्या जुन्या कागदांत असे शब्द येतात की ज्यांनी आजच्या वर्गातले एखादे मूल दुखावेल. पोर्तुगीज कागदांत हिंदूंना ‘जेंतियु’, म्हणजे मूर्तिपूजक, म्हटलेले असते. जातींची नावे उघड असतात. धर्मांतराच्या नोंदी असतात. इन्क्विझिशनविषयी (कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायपीठाविषयी) कोणी ना कोणी विचारतेच. उत्तर थोडक्यात आणि खरे द्यावे: गोव्यात ते न्यायपीठ १५६० मध्ये स्थापन झाले, १७७४ ते १७७८ ही चार वर्षे बंद होते आणि १८१२ मध्ये कायमचे रद्द झाले, त्याने लोकांना त्यांच्या श्रद्धेसाठी शिक्षा केल्या. प्रश्न टाळला तर मुले बसमध्ये एकमेकांना उत्तरे देतात, आणि ती ऐकवत नाहीत.

वर्गात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान मुले शेजारी बसलेली असतात. ‘तुमच्या लोकांनी’, ‘आमच्या लोकांनी’ असे शब्द आले की तिथेच थांबवून ‘त्या काळच्या सत्तेने’, ‘त्या गावच्या गावकरांनी’ असे नेमके म्हणायला शिकवावे. एखाद्या मुलाला यादीत स्वतःचे आडनाव सापडले तर तो त्याचा पूर्वज आहे असे आपण ठरवू नये. एकाच आडनावाची माणसे अनेक गावांत होती. हे वाक्य टेबलावरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला आधीच लिहून द्यावे, कारण ऐन वेळी सुचत नाही.

टप्पा ८: निघताना आणि शाळेत परतल्यावर

निघण्यापूर्वी मुलांसमोरच वस्तू मोजून परत कराव्यात आणि दाखलक्रमांकांच्या यादीवर खूण करावी. मुलांना ही मोजणी पाहू द्यावी, आणि एखाद्या मुलाकडून करूनही घ्यावी.

आठवड्याच्या आत शाळेत एक तासिका घ्यावी. निबंध लिहायला देऊ नये. निबंधात सगळे ‘आम्ही सकाळी लवकर उठलो’ पासून सुरू करतात. प्रत्येक गटाने एका वस्तूचे नोंदपत्र तयार करावे: वस्तू काय आहे, कशावर आहे, कोणत्या भाषेत व लिपीत आहे, काळ कोणता आणि तो कशावरून ठरवला, आणि काय समजले नाही. शेवटचा रकाना कोरा ठेवलेले पत्र परत करावे. चांगली पत्रे ग्रंथपालांना पाठवावीत. पुढच्या वर्षीच्या गटाला तीच दाखवता येतात.

या भेटीनंतर हमखास घडणारी एक गोष्ट आहे, आणि तिची तयारी आधीच करावी लागते. मुले घरी जाऊन आजी-आजोबांना जुने कागद विचारतात. घरातले खरेदीखत, जुना पासपोर्ट, देवस्थानाची पावती, लिस्बनहून आलेले पत्र बाहेर निघते, आणि हौसेने दुसऱ्या दिवशी शाळेत येते, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘टिकावे म्हणून’ झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट केले जाते. लॅमिनेशन काढता येत नाही. उष्णतेने चिकटलेले प्लास्टिक कागदासकटच निघते. सेलोटेपही तसाच, त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन शाई ओढून घेतो. म्हणून मुलांसोबत पालकांना अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी. कागद शाळेत आणू नये, फ्लॅशशिवाय फोटो आणावा. घड्या सरळ करण्यासाठी इस्त्री फिरवू नये. पिना आणि रबर काढावेत, गंजलेली पिन ओढू नये, तिचे पाय सावकाश सरळ करावेत. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नयेत. कागद सपाट ठेवून, धुतलेल्या, खळ न लावलेल्या सुती कापडात, जुन्या दफ्तरखान्यात रुमाल बांधत तसा बांधावा. तो पावसाच्या बाजूच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये, जमिनीपासून हातभर वर ठेवावा, आणि नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी झाली की एकदा सावलीत उघडून कसर लागली आहे का ते पाहून पुन्हा बांधावा.